गोठ्यावरचे कवेलू
कूलरच्या ओल्या गवताचा वास आला की माझं डोकं तापतं. वानरं मातीचे कवेलू फोडतात म्हणून मोठ्या भावाने गावच्या घरावर टिनाचे पत्रे टाकले आणि उतरवलेले कवेलू गोठ्यावर चढवले. मी मे महिन्यात गेलो तर घराची भट्टी झालेली, दोन कूलर नुसती गरम हवा फेकत होते. लाइन गेली, तशी आई बाज उचलून गोठ्यात म्हशीजवळ जाऊन निजली. मी भावावर भडकलो, "काऊन काढले गा कवेलू?" तो म्हणाला, "दरसाल पावसाआधी वर चढून फुटके बदलाले, फेराले तू येत होता काय?" मी न जेवताच निघालो. आज शहरालगतच्या कुडव्यात माझ्या घराच्या स्लॅबखाली दिवसरात्र कूलर चालतो, आणि राग मात्र मी अजून भावावरच काढतो.