परतीची गाडी

काल तिन्हीसांजेला आभाळातून एक ठिपका सरळ रेषेत सरकत गेला. नात म्हणाली, "आबा, तो एका खासगी कंपनीचा उपग्रह. मंगळावर माणूससुद्धा सरकारच्या आधी कंपनीच नेणार. मीपण जाणार!"

नेईलही. मी जन्मभर एसटी चालवली. वडापवाल्याची खासगी जीप माझ्या आधी पोचायची, हे मी नाकारत नाही. पण ती भरल्याशिवाय हलायची नाही. मी मात्र शेवटच्या गावाला एकट्या म्हातारीसाठी अख्खी गाडी नेलेली आहे.

"जा की," मी म्हणालो, "पण परतीला तू एकटीच असलीस तर गाडी सोडतील का, तेवढं आधी विचारून ठेव."

ती हसत आत गेली. आज सकाळपासून मी चारदा अंगणात जाऊन वर बघून आलो. चौथीपर्यंतच शिकलो असलो तरी दिवसा ठिपका दिसत नाही, एवढं मला कळतं.