भाऊजींचे सुभेदार

जगात माणसांना 'तू' आणि कुत्र्याला 'तुम्ही' म्हणणारा एकच माणूस होऊन गेला आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या वाट्याला आला. कोणाचा अपमान करावा असा आमच्या भाऊजींचा हेतू कधीच नसे. भाऊजींच्या गावी, करडीला, एकदा बीडीओ साहेब जीप घेऊन आले, तेव्हा भाऊजी ओसरीवरून त्यांना म्हणाले, "ये, बस. पानी पेतं का?" आणि लगेच जीपखाली सावलीला पसरलेल्या आपल्या कुत्र्याला म्हणाले, "तुमी बाहेर या जी. हा गाडी चालू करन अना तुमाले समजनार नाही." साहेब बसले, पाणी प्याले आणि जाताना कुत्र्याला नमस्कार करून गेले, असं ताई सांगते. नमस्काराचं मी छातीठोक सांगत नाही. आमच्या घरात गोष्टीला थोडं तिखटमीठ लावायची पद्धत आहे आणि त्यात माझा हात सगळ्यांत सैल, हे पुढे दिसेलच.

कुत्र्याचं नाव सुभेदार. रंग वाळल्या चिखलाचा, एक कान उभा, एक पडलेला, आणि चेहऱ्यावर सदा कोणाची तरी रजा नामंजूर केल्याचा भाव. भाऊजींच्या घरी चार दिवस राहिलं की आपणही नकळत त्यांना अहो-जाहो करू लागतो. मीही करू लागलो, आणि आज इतक्या वर्षांनी लिहितानाही हात एकेरीवर येत नाही.

सुभेदार दीड वर्षाचे असतील, तेव्हा त्यांना मिरगीचे झटके सुरू झाले. झटका येण्याआधी ते वर्गात शिक्षा झालेल्या पोरासारखे भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. ते दिसलं की भाऊजी हातातलं असेल ते टाकून धावत. एकदा हातात जेवणाचं ताट होतं, तेही टाकलं. आधी जमिनीवर पोतं अंथरायचं, डोक्याशी बसायचं, एक हात मानेखाली घालायचा आणि हलक्या आवाजात आकडे मोजायचे. सुभेदारांचे पाय ताठ होऊन हवेत माती उकरल्यासारखे चालत, तोंडाला फेस येई, डोळे पांढरे होत. दीडशे ते दोनशेच्या दरम्यान केव्हातरी सगळं थांबे. तेवढ्या वेळात घरात कोणी ब्र काढलेला भाऊजींना खपत नसे. खरं संकट मात्र त्यानंतर असे. शुद्ध आली तरी सुभेदारांना काही वेळ दिसत नसे. ते उठून झोकांड्या खात गोल गोल फिरत, कोणाचा ओळखीचा हात लागेपर्यंत. खांबावर आपटू नयेत म्हणून भाऊजी कमरेत वाकून त्यांच्यामागून तसेच गोल फिरत. अशा वेळी कोणी पाहुणा दारात आला आणि हे काय चाललंय म्हणून विचारू लागला, की ताई चुलीपासून न उठता सांगे, "फेरे सुरू हायेत. बसा जरासे."

रोवण्याच्या दिवसांत तर कहर होई. भाऊजींच्या भाताच्या चार बांध्या, त्यात गुडघाभर चिखलात बारा बायका वाकून धान रोवताहेत, आणि सुभेदार बांधावर पडले की भाऊजींचा हात वर जाई. गाणं बंद, बोलणं बंद. बायका कंबर सरळ करून आकडे ऐकत उभ्या. त्यांतली एक म्हातारी फटकळ होती. ती एकदा म्हणाली, "मालक, आमच्यातली एखादी पडली तं एवढं मोजान का जी?"

भाऊजी एकशेचाळीसवर होते. एकशेचाळीसवरच थांबून म्हणाले, "तू पड तं पहिले," आणि एकशेएक्केचाळीस म्हणाले.

उपाय तर सगळ्यांनी सांगितले. कोणी कांदा हुंगवा म्हणालं, कोणी चामड्याची चप्पल. भाऊजींनी माझी नवी कोरी चप्पल हुंगवली. सुभेदार शुद्धीवर आले आणि त्यांनी ती खाल्ली. शेवटी मोहाडीच्या जनावरांच्या डॉक्टरांनी माणसांच्या मिरगीच्या गोळ्या लिहून दिल्या. गोळ्या भंडाऱ्याला मिळत. दुकानातल्या माणसाने रोग्याचं नाव विचारलं, तेव्हा भाऊजींनी क्षणभर विचार केला आणि माझं नाव सांगितलं. वय सव्वीस, तेही बरोबर सांगितलं. मी तेव्हा साकोलीला एका कचेरीत कारकून होतो आणि एका ठिकाणी माझी सोयरीक अगदी ठरत आली होती. गोळ्या बांधून देणारा माणूस निघाला मुलीच्या चुलत मामाचा मुलगा. आठवड्याभरात मुलीकडच्यांचा निरोप आला की यंदा कर्तव्य नाही.

मी चिडून करडीला गेलो. "भाऊजी, माहं नाव काहून सांगतलं?"

"मंग काय सुभेदारायचं सांगू? दुकानदार हासला असता."

"तुमचं सांगायचं होतं."

"माहं लगन झालं हाय बाबू. लोक तुह्या बहिनीले नावं ठेवले असते. तुहं तसंबी कोनतं जमून राह्यलं होतं?"

यावर ताईही हसली. सख्ख्या बहिणीने हसायला नको होतं, असं माझं आजही मत आहे.

त्या चैत्रात मात्र हसू थांबलं. झटका आला असता ताईने घाईत सुभेदारांच्या तोंडाशी कांदा धरला, तो आत जाऊन घशाशी अडकला. भाऊजींनी हात घातला. कांदा निघाला, पण जबडा मिटला आणि दोन बोटांत दात हाडापर्यंत गेले. भाऊजी तसेच हात आत ठेवून एकशेनव्वदपर्यंत मोजत बसले. गावाला सांगितलं की विळा लागला.

त्याच वर्षी शेजारच्या गावात कुत्रं चावून एक पोरगी दगावली होती. पाण्याची वाटी पाहून ती कशी किंचाळायची हे ज्यांनी ऐकलं होतं, ते अजून नीट जेवत नव्हते. फेसाळलेला कुत्रा दिसला की लोक काठ्या काढत. तेव्हा कुत्रं चावलं की बेंबीभोवती चौदा सुया घ्याव्या लागत, आणि भाऊजी सुया घ्यायला तयार नव्हते. सुयांची भीती नव्हती त्यांना. "म्या सुई घेतली म्हंजे गाव म्हनन का कुत्रा पिसाळला. मंग त्यायले ठेवतीन का?" हे त्यांचं एकच उत्तर. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी ताई एकटी बस धरून साकोलीला माझ्या खोलीवर आली. आयुष्यात ती पहिल्यांदाच एकटी बसमध्ये चढली होती. दारातच म्हणाली, "कुत्रा राह्यला तं राह्यला. मले मानूस पाह्यजे. तू सांग त्यायले."

मी सांगितलं. भाऊजी एका अटीवर तयार झाले. भंडाऱ्याला अर्धी करडी रोज जाते, तेव्हा सुया साकोलीला घ्यायच्या, आणि ही गोष्ट आम्हा तिघांच्या बाहेर जायची नाही. मी गळ्याची शपथ घेतली.

मग रोज सकाळी ते दोन गाड्या बदलून साकोलीला येऊ लागले. सरकारी दवाखान्यात सुई घ्यायची, माझ्या खोलीवर अर्धा तास उताणं पडायचं आणि परत फिरायचं. डॉक्टर म्हणाले होते की कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवा. तो धडधाकट राहिला, तर पिसाळलेला नव्हता असं समजायचं आणि सुया बंद. त्यामुळे डॉक्टरांनी "कसं आहे?" विचारलं की भाऊजी सदरा वर करता करता सांगत, "काल दोन भाकरी खाल्ल्या, पानी पेले, एका डुकराच्या मागं लागले." पहिल्या दिवशी डॉक्टरांना हे सगळं भाऊजींबद्दलच वाटलं होतं.

आता रोज साकोलीला कशाला जातोस, असं गाव विचारणारच. भाऊजींनी सांगून टाकलं की साळ्यासाठी पोरी पाहून राह्यलो. रोज संध्याकाळी पानठेल्यावर त्यांना एक नवी मुलगी रचावी लागे आणि तिच्यात एक खोट काढावी लागे. एक फार उंच, एक फार शिकलेली, एकीचा बाप ऐकत नव्हता. सातव्या दिवसाची मुलगी त्यांना स्वतःलाच इतकी पसंत पडली की तिच्यात खोट काढताना जड गेलं, असं ते माझ्या खाटेवर पोट धरून सांगत होते. गावात मात्र वेगळाच बोलबाला झाला. साळ्यातच काहीतरी खोट असल्याशिवाय एवढ्या पोरी कशा नाकारतील? गोळ्यांची गोष्ट तर आधीच पसरलेली होती.

दहा दिवस झाले. सुभेदार धडधाकट होते. डॉक्टरांनी सुया बंद केल्या. भाऊजींनी दवाखान्यातल्या सगळ्यांना पेढे वाटले आणि "सुभेदार पास झाले" म्हणून सांगत सुटले. नशीब, तिथे करडीचं कोणी नव्हतं.

वैशाखात शहापूरला एका नातलगाचं लग्न होतं. मांडवात करडीचे पाच-सहा जण भेटले आणि त्यांनी मला मधे घेतलं. "काय बाबू, दहा पोरी पाह्यल्या म्हंते. एकबी तुले पत्करत नाही का रे?" दुसरा म्हणाला, "त्याले मिरगी येते ना. मांडवातच पडला तं?" बाजूला बायका होत्या, दोन-तीन लग्नाच्या मुलीही होत्या. मला ते सोसलं नाही. मनाशी म्हटलं, दहा दिवस उलटले, डॉक्टरांनी निर्वाळा दिला, आता शपथेत राहिलंय काय? आणि मी सांगायला लागलो. मुली कशा नव्हत्याच, भाऊजी खाटेवर उताणे कसे पडायचे, डॉक्टरांना डुकराची हकीकत कशी सांगायचे, सगळं हातवारे करून सांगितलं. मांडव हसला. त्या मुलीही हसल्या. आयुष्यात इतकी रंगलेली गोष्ट मी सांगितलेली नाही. एवढ्या हशात लोकांनी घरी काय नेलं, तर भाऊजींना कुत्रा चावला आणि त्यांनी सुया घेतल्या, एवढंच. दहा दिवसांचं मी सांगितलं होतं. ते कोणी नेलं नाही.

पाचव्या दिवशी भाऊजी गोळ्या आणायला भंडाऱ्याला गेले होते. सुभेदार त्यांना शोधत तलावाच्या पाळीवर गेले आणि तिथे पडले. चार माणसं काठ्या घेऊन आली. चौघेही ओळखीचे, रोवण्याला एकमेकांकडे जाणारे. भाऊजी परत आले तेव्हा पाळीवर सुभेदारांच्या अंगावर बाभळीच्या काटेरी फांद्या टाकून ठेवल्या होत्या. त्यांनी काही आरडाओरडा केला नाही, असं ताई सांगते. फक्त विचारलं, "किती वेळ पडले होते?"

एक जण म्हणाला, "भाऊ, आमी लगेच नाही मारलं. बिडी संपेपर्यंत पाह्यलं. मंग तो उठला अना गोल गोल फिरत आमच्याकडंच याले लागला. आमच्या घरी लेकरं हायेत. अना तुमच्या साळ्यानंच सांगतलं शहापुरात."

"तेव्हा त्यायले दिसत नसते," भाऊजी म्हणाले. "कोनाचा हात लागते का, पाह्यत असतेत."

मी दोन दिवसांनी गेलो. बसभर माफीची वाक्यं जुळवली होती. भाऊजींनी मला जेवायला बसवलं, वाढलं, आणि मी दुसरा घास घेत असताना विचारलं, "हासले का लोक?"

मी खाली मान घालून हो म्हणालो.

"हासतीनच," ते म्हणाले. "गोष्टच तशी होती."

त्यानंतर या विषयावर ते माझ्याशी कधी बोलले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं मला फार दिवस वाटे. पुढल्या दिवाळीला मी साकोलीहून एक पिल्लू पिशवीत घालून नेलं. काळंभोर, गुबगुबीत, डोळे चकचकीत. भाऊजींनी ते मांडीवर घेतलं, कान उलटून पाहिले, दूध पाजलं, सबंध दुपार त्याच्याकडे पाहत बसले. मला वाटलं, जमलं. संध्याकाळी बसची वेळ झाली तशी त्यांनी ते परत पिशवीत ठेवलं आणि पिशवी माझ्या हातात दिली.

"याले काही होत नाही बाबू," ते म्हणाले. "याले कोनीबी पोसन."

ते पिल्लू माझ्याकडेच राहिलं. पुढे माझं लग्न झालं, पोरं झाली, त्यांच्यासोबत तेही वाढलं आणि बारा वर्षं साधं शिंकलंसुद्धा नाही. भाऊजी कधी साकोलीला आले की चहा होईपर्यंत अंगणात त्याच्याशेजारी बसत. ते उड्या मारी, हात चाटी, चेंडू आणून पायाशी टाकी. भाऊजी त्याच्या पाठीवर हात फिरवीत आणि त्याला नुसतं 'तू' म्हणत.