चष्म्यातून काळीज पाहणारा

आईच्या हृदयाचा इको काढायला चिखलीला वरचेवर जावं लागतं, त्यामुळे तिथला डॉक्टर चांगलाच ओळखीचा झालाय. पेशंटचं नाव तो कधी घेत नाही. "ती गळकी झडप आत पाठवा," असं आतूनच ओरडतो. ती गळकी झडप म्हणजे उंद्री गावची माझी आई.

हल्ली त्यानं डोळ्यांवर चढवायचा मोठा काळा चष्मा आणलाय. त्यात म्हणे हृदय खोलीएवढं दिसतं, आत शिरून हिंडता येतं. परवा ते दाखवायला त्यानं दोन डॉक्टर मित्र बोलावले होते. आई कुशीवर पडलेली, छाती उघडी, तिच्यावर तो गार चिकट जेल, डोक्यावर एसी. आणि हे तिघं आळीपाळीनं चष्मा लावून "वा, क्या बात है!" करतायत.

"डाक्टरसाहेब, अंगावर काही टाका नं," आई म्हणाली.

"थांबा मावशी, तुमच्याच काळजात फिरून राह्यलो!" मित्र खदखदून हसले.

मी माझी ओढणी तिच्या अंगावर टाकली, तर "चित्र हललं ना!" म्हणून डॉक्टर माझ्यावरच खेकसला.

शेवटी त्यानं मऊ फडक्यानं चष्मा हळुवार पुसला. आईच्या अंगावरचा जेल पुसायला कापूस मागितला, तर म्हणतो, "पदर आहे ना?"

ऑटोत बसल्यावर आईनं विचारलं, "येवढं काय पाह्यलं वं त्यानं?"

"तुझं काळीज."

"मंग मी कुडकुडून राह्यली होती, थे काऊन नाही दिसलं त्याले?"