चार इंच उंच हँडल

कासमभाईंचं आणि माझं पहिलं भांडण गाडीवरून झालं. आम्ही कुवेतच्या सालमियात एकाच मजल्यावर राहतो. एका सकाळी माझी गाडी फोर्थ रिंग रोडवर बंद पडली आणि मी तासभर उन्हात उभी राहिले. संध्याकाळी जिन्यात भेटले तेव्हा कासमभाई शांतपणे म्हणाले, "बेल्टचा आवाज येत होता आठ दिवस. मी ऐकला होता पार्किंगमध्ये." मग सांगितलं का नाही, असं मी विचारलं. तर म्हणे, "खात्री नव्हती ना मेधाताई." मी संतापले. अशी खात्री काय चाटायची आहे, असं तोंडावर म्हणाले आणि पंधरा दिवस बोलले नाही.

पण माणूस तसाच आहे. जैतापूरच्या खाडीत वडिलांबरोबर होड्यांची इंजिनं दुरुस्त करत वाढलेला, बावीस वर्षांपूर्वी कुवेतला आला आणि अर्दियाच्या एका गॅरेजमध्ये चिकटला तो चिकटलाच. वाळवंटात धावणाऱ्या चारचाकी बाइक दुरुस्त करायच्या, हे त्यांचं काम. अर्धवट माहितीवर एक शब्द बोलायचे नाहीत. गिऱ्हाईक विचारतं, किती वेळ लागेल, तर हे इंजिन उघडून पाहीपर्यंत तोंड उघडत नाहीत. त्यामुळेच त्यांचा शब्द चालतो. बायको, खैरुन्निसाभाभी, म्हणतात की लग्नाला होकार द्यायलाही यांनी चार महिने घेतले.

गेल्या डिसेंबरात मिशारी नावाचा एक कुवेती गिऱ्हाईक गॅरेजमध्ये स्नोमोबाईल घेऊन आला. बर्फावर चालणारी ही गाडी, पुढे दोन घसरपट्ट्या आणि मागे रबरी पट्टा. दर हिवाळ्यात तो भावाबरोबर जॉर्जियाच्या डोंगरात जातो. गेल्या वर्षी त्याची पाठ धरली होती. त्याला हँडलखाली रायझर हवा होता, म्हणजे हँडल उंच करणारा धातूचा जोड. तो सहा इंचांचा बसव, असा त्याचा आग्रह होता, कारण त्याच्या मित्रांकडे सहा इंचांचे होते.

कासमभाईंनी आयुष्यात बर्फ पाहिला तो फ्रीजरमधला. पण त्यांनी सहा इंच ऐकून घेतले नाहीत. मिशारीला सांगितलं, डोंगरात घालतोस ते बूट घेऊन ये, चपलेवर माप घेणार नाही. मग गाडीच्या एका अंगाला जॅक लावला, दुसऱ्या अंगाला फळ्या घातल्या आणि ती उतारावर असावी तशी कलती केली. हँडलवर झाडूचा दांडा आडवा बांधला, आधी दोन इंचांवर, मग चार, मग सहा. दर वेळी मिशारीला दहा मिनिटं उभं केलं, दोन्ही पाय वरच्या अंगाच्या पाय ठेवायच्या पट्टीवर. हे सगळं मला त्यांनीच सांगितलं, एरवी महिन्याला दहा वाक्यं बोलणाऱ्या माणसाने. दोन इंचांवर पाठ वाकत होती. सहा इंचांवर पाठ सरळ, पण हात छातीशी येत होते आणि वजन टाकून गाडी कलवायला जोर राहत नव्हता. चार इंचांवर कोपर जरासं वाकलेलं राहिलं. कासमभाईंनी चार इंच ठरवले. मिशारी कुरकुरला, मग पुन्हा एकदा उभा राहिला आणि चारच बसव म्हणाला.

हँडल वर गेलं तशी रेसची केबल तोकडी पडायला लागली. हँडल डावीकडे पूर्ण वळवलं की केबल ताणून रेस आपोआप चढायची. त्यांनी ते पकडलं, लांब केबल मागवली, एक जादाही मागवली. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून वीस वेळा पाहिलं. गाडी कार्गोने रवाना झाली. आठवड्याने, गुरुवारी, मिशारी विमानात बसला.

शुक्रवारी सकाळी पावणेआठला माझी बेल वाजली. दारात कासमभाई, हातात खोबरेल तेलाची बाटली. मला वाटलं भाभींनी काही पाठवलंय.

"मेधाताई, गाडी हाय ना खाली?"

मी त्यांना आत बसायला सांगितलं. ते बसले नाहीत. बाटली उलटी करून दाखवली. जानेवारीतली थंडी, तेल पांढरं होऊन बाटलीला चिकटलेलं. भाभी ती गरम पाण्यात धरायला निघाल्या होत्या. "तेल थिजला," असं त्या सहज म्हणाल्या, आणि कासमभाईंच्या हातातला चहा तसाच राहिला.

कारण त्यांनी मिशारीच्या नव्या केबलमध्ये घट्ट ग्रीस भरलं होतं. इथल्या बाइकना तेच भरतात. उन्हाळ्यात पातळ तेल दोन दिवसांत उतरून जातं, म्हणून हे जाड, उष्णतेला टिकणारं ग्रीस. बावीस वर्षं हाताला तीच सवय. बूट, उतार, कोपर, सगळ्याचा विचार केला आणि शेवटी हाताने नेहमीसारखा डबा उघडला. आता तिथे शून्याखाली पंधरा असेल. ग्रीस थिजलं तर केबल खेचली जाईल, पण परत सरकणार नाही. म्हणजे अंगठा काढला तरी रेस उतरणार नाही, आणि ती गाडी डोंगराच्या उतारावर असेल.

"ते कधी निघणार?" मी विचारलं.

"तिथले दहाला. म्हणजे आपले नऊ."

"मग फोन करा."

त्यांनी बाटली सरळ केली. मी पुन्हा म्हटलं, फोन करा.

"नुसत्या खोबरेल तेलावरून कसा सांगू? तेल येगला, ग्रीस येगला. मना खात्री नाय. जादाची केबल गॅरेजमध्ये हाय. तेच ग्रीस भरू, जहीरच्या कोल्ड स्टोअरमध्ये ठेवू, बघू."

जहीर म्हणजे भाभींचा भाऊ, सुलैबियात गोठवलेल्या कोंबड्यांच्या गोदामात कामाला. मला अंगात आग लागल्यासारखं झालं. कोणाच्या तरी जिवाचा प्रश्न आहे आणि हा माणूस प्रयोग करायला निघालाय. भीती कसली वाटते, असं मी विचारलं. ते खाली बघून म्हणाले, वर्षभर वाट बघितलेला माणूस, त्याला उगाच थांबवला आणि काही नसला तर माझा शब्द गेला. आणि असला तर मालकाला कळणार, व्हिसा त्याच्या हातात. दोन्ही खरं होतं, म्हणून माझा राग आणखी वाढला. मिशारीचा नंबर माझ्याकडे असता तर मीच लावला असता. चावी घेतली आणि खाली उतरले.

अर्दियाला पोचलो तेव्हा सव्वाआठ. शुक्रवार, रस्ते मोकळे, तरी मला प्रत्येक सिग्नल मुद्दाम लाल झालाय असं वाटत होतं. गॅरेजचं शटर त्यांनी अर्धंच उचललं आणि वाकून आत गेले. मी गाडीत बसून घड्याळ बघत होते. आठ मिनिटांनी केबल, रेसचा खटका, स्प्रिंग आणि ग्रीसचा डबा घेऊन आले. गाडी चालू असताना मांडीवर वर्तमानपत्र पसरून त्यांनी केबलमध्ये ग्रीस भरलं, अगदी तेव्हा भरलं होतं तेवढंच. सीटवर ग्रीस सांडलं नाही. मी वाटेत तीनदा म्हटलं, आता तरी करा फोन. तिन्ही वेळा ते म्हणाले, "पंधरा मिनटा."

भाभींनी कळवलं होतं, त्यामुळे जहीर गेटवर उभाच होता. काही न विचारता त्याने आम्हाला आत घेतलं आणि दोन जाड कोट दिले. आत उणे अठरा. कोंबड्यांच्या खोक्यांवर कासमभाईंनी केबल पसरली, हँडलवर जशी वळते तशीच वळवून. आम्ही तिघं तिच्याकडे बघत उभे राहिलो. कासमभाई आपल्याच तोंडातून निघणाऱ्या वाफेकडे बघत होते. मला हसूही येईना. बोटं बधिर झाली, आणि नऊ वाजायला चार मिनिटं होती.

त्यांनी खटका दाबला. वायर गेली. अंगठा काढला. स्प्रिंग ताणलेलीच राहिली, मग वायर हळूहळू सरकली आणि अर्ध्यात थांबली. पुन्हा दाबला. पुन्हा अर्ध्यात. तिसऱ्यांदा दाबायची वाट मी पाहिली नाही. त्यांच्या कोटाच्या खिशातून फोन काढून त्यांच्या हातात दिला.

आम्ही दाराबाहेर आलो. पहिला फोन वाजून वाजून बंद झाला. दुसराही. तिसऱ्याला मिशारीने उचलला. फोन स्पीकरवर होता, मागे इंजिन घरघरत होतं. तो खुशीत होता. गाडीजवळ उभा आहे, आता निघतोय, असं काहीतरी त्याच्या अरबी वळणाच्या हिंदीत म्हणाला.

"बैठना नहीं," कासमभाई म्हणाले. "पहले इंजिन बंद करो. रेस की केबल में..."

त्यांचं वाक्य पुरं झालं नाही. सब ठीक है, सुनो, असं म्हणत मिशारीने ऐकवण्यासाठी रेस दिली. आवाज चढला. चढला आणि उतरेचना. कासमभाई फोनमध्ये ओरडले, लाल बटण, लाल बटण. इंजिन किंचाळत होतं, कोणीतरी अरबीत हाक मारली, मग काहीतरी घासत गेल्याचा आवाज आला आणि सगळं एकदम बंद झालं. जहीरने माझा दंड धरला होता, ते मला नंतर कळलं. कासमभाई फोन दोन्ही हातांत धरून उभे होते आणि त्यांचे ओठ हलत होते.

मग श्वास ऐकू आला. मिशारी होता. गाडी त्याच्या हातातून सुटून बर्फाच्या ढिगावर चढली होती. इंजिनची सुरक्षेची दोरी त्याच्या मनगटाला होती, तिचं दुसरं टोक गाडीतून निसटलं म्हणून इंजिन मेलं. कोणाला लागलं नव्हतं. ढिगापलीकडे उतार होता, असं तो म्हणाला. मग त्याने विचारलं, तुला हे कधी कळलं?

मी कासमभाईंना खुणा करत होते. आत्ताच म्हणा, आत्ताच. खोटं बोलायला मला काहीही वाटलं नसतं, खरं सांगते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान वळवली.

"सवा घंटा हुआ," ते म्हणाले. "पक्का नहीं था, इसलिए फोन नहीं किया."

मग मिशारी हळू म्हणाला, आम्ही अर्ध्या तासापूर्वीच निघणार होतो. भावाचा हातमोजा सापडेना म्हणून थांबलो. त्याने फोन ठेवला.

परतीच्या वाटेवर कासमभाई रडले. मी रेडिओ लावला आणि रस्त्याकडे बघत राहिले. काय बोलायचं होतं ते सगळं सकाळीच बोलून झालं होतं.

शनिवारी त्यांनी स्वतः जाऊन मालकाला सगळं सांगितलं, सवा तासासकट. मालकाने नोकरीवरून काढलं नाही, पण दोन महिने पाना हातात दिला नाही, नुसतं ऑइल बदलायला लावलं. फेब्रुवारीत मिशारी आला. ती ग्रीस भरलेली केबल त्याने टेबलावर टाकली, कासमभाईंना हाक मारली आणि भावाच्या गाडीचं हँडल उंच करायचंय म्हणाला. पाठ दुखली का, असं कासमभाईंनी विचारलं. नाही दुखली, चार इंच बरोबर होते, तो म्हणाला. त्या सवा तासाबद्दल दोघंही बोलले नाहीत. भाभी म्हणतात, त्या दिवशी हे घरी आले आणि जेवलेच नाहीत.

गेल्या सोमवारी सकाळी साडेसहाला माझा फोन वाजला. आठला ऑफिसात मीटिंग होती आणि मी बूट घालत होते. कासमभाई पार्किंगमधून बोलत होते, माझ्या गाडीजवळ उभे राहून.

"मेधाताई, काल रात्री तुमी गाडी लावलीत तेव्हा पुढच्या चाकात कायतरी आवाज ऐकला. रातभर झोप नाय. मना खात्री नाय अजून," ते म्हणाले, "पन तुमी गाडी काढू नका."