बैलाला सुई

साखरा गावच्या पारावर बसणाऱ्या त्या म्हाताऱ्याचं नाव मी कधी विचारलं नाही. विचारावं असा तो नव्हताच. देवीची लस टोचणारा सरकारी माणूस गावात आला, की हा मिशीला पीळ देत ओरडायचा, “लेकरं घरात कोंडा! टोचलं तर देवी कोपंल!” बाया घाबरून दारं लावून घ्यायच्या.

पुढं पावसाळ्यात जनावरांत रोग पसरला. ढोरांचा डॉक्टर आला, तेव्हा सगळ्यांच्या आधी हाच आपला बैल घेऊन उभा! सुई टोचताना बैलाची मान मायेनं कुरवाळत होता.

मी विचारलं, “आता काहून कोपत न्हाई देवी?”

“मास्तर, बैल मेला तर दुसरा कुठून आणू?”

त्याआधीच्या उन्हाळ्यात त्याची नात देवीनं गेली, तेव्हा हा सवाल त्यानं कुणालाच केला नव्हता.