पाळकाची बायको

भात निघालं की नवापूरच्या डोंगरातली आमची ख्रिस्ती माणसं कापूस वेचायला खाली शहाद्याकडे जात. माझे यजमान त्यांचे पाळक. कळप जाईल तिथं मेंढपाळानं जायचं, म्हणत तेही निघत. रविवारची घंटा चुकू नये म्हणून मी मागं राहायची. घंटा वाजवून रिकाम्या चटयांसमोर एकटीच गीत म्हणायची.

एका हिवाळ्यात वाटेनं धनगर गेले. मेंढरांमागं घोडं, घोड्यावर सगळं बिऱ्हाड आणि शेजारून धनगरीण चालत होती. धूळ बसेपर्यंत मी दारातून हलले नाही.

होळीच्या सुमारास आमची माणसं परतली. पहिल्याच उपासनेत यजमानांनी दाखला सांगितला: नव्व्याण्णव मेंढरं रानात ठेवून मेंढपाळ एका हरवलेल्या मेंढराला शोधायला जातो. बायका डोळे पुसू लागल्या. मी मधूनच उठले आणि घरी येऊन भाकरी थापायला बसले.

दुपारी जेवताना त्यांनी विचारलं, “उपासनेतून उठून का गेलीस?”

“शोधायला कोणी येतं का, ते बघत होते,” मी म्हटलं आणि त्यांच्या ताटात भाकरी वाढली.