मानवतचं सिमेंटचं घर आणि राहून गेलेलं दार

मी घरांचे नकाशे काढतो आणि पोस्टानं पाठवतो. गिऱ्हाईक जागेची लांबी-रुंदी, रस्ता कुठल्या बाजूला आणि माणसं किती एवढं कळवतं. मी पुण्यात टेबलाशी बसून घर उभं करतो. मानवतच्या दत्तरावांचं घर असंच झालं. त्यांच्या थोरल्या सुनेला छातीचा आजार होता. परभणीच्या डॉक्टरांनी तिला भरपूर उजेडाच्या, हवेच्या खोलीत ठेवायला सांगितलं होतं, म्हणून म्हाताऱ्यानं जुनं मातीचं घर सोडून नव्या पद्धतीचं सिमेंटचं घर बांधायला घेतलं. घर पुरं झालं, राहतं झालं, वर्ष उलटलं, आणि 'एकदा येऊन पाहून जावं' असं त्यांचं पत्र आलं. मी निघालो तो काही सुनेच्या काळजीनं नव्हे. एका मासिकाला नव्या घरांचे फोटो हवे होते आणि मला त्यांच्याखाली माझं नाव छापून यायला हवं होतं. उगाच खोटं कशाला सांगू?

कुणाला तिकडे जायचं असेल तर सांगतो. पुण्याहून दौंडमार्गे मनमाड, तिथून निजामाच्या मुलखात जाणारी छोटी गाडी. मनमाडलाच थोडे हाली, म्हणजे निजामाचे, रुपये करून घ्यावेत. आपले कलदार तिकडे चालतात, पण मोड देताना दुकानदार कुरकुर करतात. हद्दीवर करोडगिरीचा कारकून डब्यात आला. त्यानं माझी नकाशांची गुंडाळी उलगडून उलटी धरली, बराच वेळ पाहिली आणि "घर है?" एवढंच विचारून परत दिली. जकात बसली नाही. पुढे औरंगाबाद, जालना, परतूर, सेलू. फाल्गुन संपत आला होता आणि खिडकीतून आत येत होती ती हवा नव्हे, नुसती धूळ. सेलूला चिवड्याच्या पुड्यातसुद्धा ती दाताखाली आली. बाहेर कापूस वेचून झालेली काळी रानं कितीतरी वेळ सरत नव्हती, आणि माझं मन कारण नसताना खट्टू झालं.

मानवत रोडला दत्तरावांचा थोरला मुलगा लिंबाजी दमणी घेऊन आला होता. स्टेशनापासून गाव दोनेक कोस. वाटेतल्या बाभळींच्या काट्यांवर गाड्यांमधून उडालेला कापूस अडकला होता. लिंबाजी सारा वेळ फक्त बैलांशी बोलत होता. गाव दिसायला लागल्यावर त्यानं मान न वळवता विचारलं,

"सायब, सिमेंटच्या घराची भिंत फोडली तर वरचं छत खाली येतं का?"

मी हसलो. त्याला स्लॅब म्हणजे काय, भार कसा उतरतो, यावर चांगलं व्याख्यान दिलं आणि शेवटी म्हणालो, "नकाशाला हात लावायचा नाही, म्हणजे काही होत नाही." त्यानं मान डोलावली आणि बैल हाकले. त्याला काय विचारायचं होतं हे त्याला मी विचारलं असतं तर? पण मला ऐकायची सवय नाही, सांगायची आहे.

घर पाहिलं आणि खरंच छाती फुगली. सभोवार पांढऱ्या मातीची बसकी धाब्याची घरं आणि मध्ये माझं घर : सपाट छत, गोल कोपऱ्याचा ओटा, रस्त्याकडे सहा फूट रुंद काचेची खिडकी. दत्तराव पायऱ्या उतरून खाली आले.

"कागदावर जसं हाय तसंच बांधलंय, सायब. एक इंच बी इकडं-तिकडं न्हाई."

मी आधी फोटो काढले. मग आत बैठक, आणि बैठकीला लागून आजाऱ्याची खोली. पश्चिमेचा वारा थेट आत येत होता, भिंती उजेडानं भरल्या होत्या. खाटेवर गादीची वळकटी होती. खोलीत औषधाची बाटली नव्हती, पाण्याचं भांडं नव्हतं, कुणाची चप्पल नव्हती. एवढ्यात घराच्या मागल्या अंगाकडून कुणीतरी खोकलं, आणि ते खोकणं थांबेना.

त्यांची सून गंगाबाई धान्याच्या खोलीत होती. कणगीच्या बाजूला पोत्यावर अंथरूण, वर वीतभर झरोका. सासू उशाशी बसली होती. गंगाबाईनं पदर ओढून घेतला आणि माझ्याशी न बोलता सासूला, पण मला ऐकू जाईल असं, म्हणाली, "त्यांला म्हणावं, खोली लय चांगली हाय. पन न्हाणीकडं जायचं तर समद्या बैठकीतून जावं लागतंय. तिथं मामंजी असतेत, गावची मानसं असतेत. खोकत खोकत त्यांच्या म्होरून किती बार जावं?"

त्या खोलीला मी एकच दार ठेवलं होतं, बैठकीत उघडणारं. आमच्या पुण्याच्या धंद्यात त्याला सुटसुटीत योजना म्हणतात.

"अहो, मागच्या भिंतीला दुसरं दार पाडायचं!" मी जवळजवळ ओरडलोच. दत्तरावांनी देवघरातल्या फडताळातून एक घडी घातलेला कागद आणला आणि माझ्या हातात दिला. अक्षर माझं होतं. त्यांनी दार पाडण्याबद्दल विचारलं होतं आणि मी उत्तर धाडलं होतं : नकाशात कसलाही फेरफार करू नये, केल्यास जबाबदारी आमची नाही. हे मी लिहिल्याचं मला आठवतसुद्धा नव्हतं. अशी पत्रं मी आठवड्याला चार लिहितो. पण त्या बाईनं याच कागदापायी वर्ष अंधारात काढलं होतं, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सकाळी सासूनं मुरमुऱ्यांची खमंग सुशीला पुढे ठेवली. ती तशीच ठेवून मी आधी कोळसा मागितला. घर बांधणारा महेबूब गवंडी आला तोपर्यंत मी कोळशानं भिंतीवर दार आखून ठेवलं होतं. तो म्हणाला, "मैं बोला था मालक को, फोडतूं. कागज में नको लिखे तो कैसा फोडना?" त्याचा हात घणावर होता, पण नजर छताकडे. मग मीच त्या छताखाली जाऊन उभा राहिलो आणि म्हटलं, मार. दुपारपर्यंत सागाची आडवी तुळई बसली, दार मोकळं झालं. तीन फुटांच्या त्या भोकाचा स्लॅबला पत्तासुद्धा लागला नव्हता. लिंबाजी आणि सासूनं मिळून तिला नव्या दारानं आत आणलं. इतकी हलकी होती की दोघांची गरज नव्हती. खाटेवर टेकल्यावर ती बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिली.

"आत्याबाई, ह्ये लिंबाचं झाड कवापासून हाय?"

"लय दिसांचं हाय, बाई."

वर्षभर ती त्या कडुलिंबापासून वीस पावलांवर राहत होती.

परतीचा प्रवास आला तसाच झाला, त्याचं काय सांगायचं. फोटो चांगले आले. मासिकाला दिले नाहीत. घर बांधायला निघालेल्या वाचकांना एवढंच म्हणतो : आमच्यासारख्यांना नकाशा मागण्याआधी घरातल्या बायकांना विचारा, दिवसातून किती वेळा कुठून कुठे जाता. आम्ही विचारत नाही.

दीड महिन्यानं दत्तरावांचं पत्र आलं. आधी खुशाली, मग तिच्याबद्दल एक ओळ : सूनबाई वारल्या, शेवटचे वीस-बावीस दिवस उजेडात गेले, ही आपली कृपा. त्याच्या खाली लगेच, धाकट्याचं लग्न ठरलं आहे, त्याचंही घर याच नकाशावर बांधायचं आहे. 'मात्र ते दार नकाशात नाही, आणि महेबूब कागदात असेल तेवढंच बांधतो. तरी दार दाखवून नकाशा पाठवावा.'

त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर सुटलो असतो. पत्रात आदीपासून अंतापर्यंत आदरच होता. मी टेबलाशी बसलो, भिंतीच्या रेघेत तीन फुटांची जागा खोडली आणि तिथे दार काढलं. पुरतं एक मिनिटही लागलं नाही.